नवीन गाडीच्या ऑर्डरमध्ये घोळ झाला तर काय करायचं? टोकनपासून ग्राहक आयोगापर्यंत

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. शोरूमवाला म्हणतोय आज फुल पेमेंट केलं तरच मुहूर्तावर गाडी देतो, करू का? किंवा दुसरा प्रकार, पैसे भरून झालेत, लोन सुरू झालंय, आणि आता म्हणतायत तुमचा कलर नाही, ग्रे आहे, तो घ्या नाहीतर अजून थांबा. लोक आयुष्याची बचत टाकून गाडी घेतात हो, आणि त्या आनंदाच्या घाईत सह्या करून बसतात, म्हणून सगळं एका ठिकाणी सविस्तर लिहितोय. महाराष्ट्र, गोवा, इंदूर, बेळगाव, कुठेही असलात तरी ग्राहक कायदा एकच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गाडीचं तुमच्या नावावर पासिंग म्हणजे आरटीओत नोंदणी होईपर्यंत तुमची बाजू खूप भक्कम असते, पासिंग झालं की त्यातलं बरंच निसटतं. आपल्याकडे अमेरिकेसारखा खास ‘लेमन लॉ’ नाही की गाडी खराब निघाली आणि कंपनीने ठरलेल्या मुदतीत बदलून दिली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका गाडीच्या क्लचच्या प्रकरणात सांगितलं होतं की वॉरंटीमध्ये पार्ट बदलून द्यायचं लिहिलंय तर सरसकट अख्खी गाडी बदलून द्या असं म्हणता येणार नाही. म्हणजे नावावर झालेली गाडी परत करणं ही लांबची आणि दमवणारी लढाई आहे. त्यामुळे क्रम सोडायचा नाही: आधी चेसिस नंबर, म्हणजे त्या एका गाडीचा ओळख क्रमांक, अलॉट होऊ दे, मग गाडी स्वतः जाऊन बघा, मग उरलेले पैसे, मग टॅक्स इन्व्हॉइस आणि इन्शुरन्स, मग पासिंग, आणि शेवटी डिलिव्हरी. शोरूमला नेमका हाच क्रम उलटा हवा असतो, कारण महिनाअखेरचं त्यांचं टार्गेट बिलावर मोजलं जातं, तुमच्या समाधानावर नाही.

बुकिंग करताना

टोकन भरताना जो बुकिंग फॉर्म देतात त्यावर मॉडेल, व्हेरियंट, कलर, पेट्रोल की सीएनजी की डिझेल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, एक्स-शोरूम किंमत, डिस्काउंट, एक्सचेंज बोनस आणि अंदाजे डिलिव्हरीची तारीख हे सगळं पेनाने लिहून घ्या. सेल्सवाला तोंडी म्हणतो ‘सर काळजी करू नका, महिन्याभरात देतो’, आणि फॉर्मवर तारखेची जागा कोरी असते. तसं असेल तर घरी आल्यावर त्याच दिवशी त्याला व्हॉट्सॲप करा, ‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक व्हेरियंट, पांढरा रंग, डिलिव्हरी अमुक तारखेपर्यंत, डिस्काउंट इतका, बरोबर ना?’ त्याने नुसतं ‘येस सर’ पाठवलं तरी तो पुरावा झाला. सेल्सवाले नोकऱ्या बदलतात, तीन महिन्यांनी तो माणूस तिथे नसतो आणि नवीन टीम लीडर म्हणतो आम्हाला असं काही माहीत नाही, तेव्हा हाच मेसेज कामाला येतो.

पैसे फक्त डीलरच्या कंपनीच्या खात्यात. सेल्सवाल्याच्या पर्सनल यूपीआयवर एक रुपया टाकायचा नाही, कितीही गोड बोलला तरी. पावतीवर डीलरचं नाव आणि जीएसटी नंबर हवा, आणि ही रक्कम बुकिंगपोटी घेतली असं स्पष्ट लिहिलेलं हवं. रोख द्यायचा विचार असेल तर 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला इन्कम टॅक्स कायद्याने बंदी आहे, आणि तसंही रोखीच्या पैशाचा मागोवा नंतर लागत नाही.

फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात दोन वाक्यं जवळपास नेहमी असतात. एक म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू, दुसरं कॅन्सल केलं तर अमुक रक्कम कापणार. पहिलं वाक्य सहसा टिकतं, पण तुमचा नंबर डावलून मागून आलेल्याला गाडी दिली, त्या उशिरात किंमत वाढली आणि ती तुमच्या माथी मारली तर तो सेवेतला दोष आहे आणि त्याविरुद्ध भांडता येतं. दुसऱ्याबद्दल पुढे सांगतो.

किंमत कमी झाली तर काय, हेही लोक विचारतात. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला तेव्हा लहान गाड्यांवरचा कर 28 टक्के अधिक सेस होता तो 18 टक्क्यांवर आला आणि मोठ्यांना सेस जाऊन 40 टक्के लागला. त्या वेळी सगळं टॅक्स इन्व्हॉइसच्या तारखेवर फिरत होतं. बुकिंग आधीचं, ॲडव्हान्स आधीचा, पण गाडी आणि बिल दोन्ही नंतरचं, तर नवा दर. म्हणून ‘प्रोफॉर्मा’ आणि ‘टॅक्स इन्व्हॉइस’ यातला फरक लक्षात ठेवा. प्रोफॉर्मा हे नुसतं कोटेशन, बँकेला दाखवायला. टॅक्स इन्व्हॉइस म्हणजे खरं बिल, आणि ते तुमच्या संमतीशिवाय, गाडी न दाखवता फाडलं असेल तर लगेच ईमेलने हरकत घ्या.

ॲक्सेसरीज, इन्शुरन्स, हँडलिंग

इथे थोडक्यात सांगतो कारण मुद्दा सरळ आहे. ॲक्सेसरीज घेतल्याशिवाय गाडी नाही, असं म्हणता येत नाही, ती जबरदस्ती आहे आणि ग्राहक कायदा त्याला निर्बंधित व्यापार प्रथा म्हणतो. इन्शुरन्स कुठूनही घ्या, तुमची मर्जी. नवीन कारला 3 वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरून पॉलिसी घ्यायची तर चेसिस आणि इंजिन नंबर लागतो, आणि तो शोरूमवाले शेवटपर्यंत देत नाहीत, म्हणून तो लेखी मागा. ‘बाहेरचा इन्शुरन्स घेतला तर कॅशलेस नाही’ असं सांगतात तेही खरं नाही, इन्शुरन्स कंपनीचं त्या वर्कशॉपशी टायअप असेल तर कॅशलेस होतं. हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक चार्ज, फाइल चार्ज हे सरकारी कर नाहीत. कोटेशनमध्ये दिसले तर ‘हे कोणत्या नियमाने, लेखी द्या’ एवढंच विचारा, बऱ्याच वेळा ती ओळ तिथल्या तिथे गायब होते. रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन फीची सरकारी पावती मागा आणि कोटेशनमधल्या आरटीओच्या आकड्याशी जुळवून बघा. 10 लाखांच्या वरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा इन्कम टॅक्स, घेतात, तो मात्र खरा आहे, रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो, फक्त 26एएस मध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या तुमच्या नावच्या कर-तपशिलात, दिसतोय का ते तपासा.

चेसिस नंबर आणि पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी), इथे वेळ घालवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. गाडी अलॉट झाली म्हणाले की चेसिस नंबर मागायचा, 17 अक्षरा-आकड्यांचा असतो. ‘सिस्टिममध्ये यायचाय’ असं म्हणाले तर पैसे पण यायचेत असं सांगा. नंबर मिळाला की स्टॉकयार्डला जाऊन गाडी बघायची, दिवसाउजेडी, पासिंगच्या आधी. वस्तू ताब्यात घेण्याआधी ती ऑर्डरप्रमाणे आहे का हे तपासायची वाजवी संधी मागणं हा खरेदीदाराचा हक्क आहे, 1930 च्या माल विक्री कायद्यापासून आहे, शोरूम त्यात उपकार करत नाही.

माझ्या मावसभावाच्या गाडीची पीडीआय करायला आम्ही गेलो होतो. गाडी चकाचक, पॉलिश मारलेली, सेल्सवाला फोटो काढायला घाई करत होता. बोनेट उघडलं आणि पुढच्या उजव्या फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टकडे टॉर्च मारला, तर बोल्टच्या डोक्यावरचा रंग कोपऱ्यांवर उडालेला, खालचं लोखंड दिसत होतं. डाव्या बाजूचे बोल्ट मात्र अखंड रंगलेले. फॅक्टरीत बॉडी बोल्टसकट रंगते, त्यामुळे बोल्टला पाना लागलाय म्हणजे तो पार्ट कुणीतरी काढलाय किंवा हलवलाय. मग दार उघडून रबर बीडिंग थोडं ओढलं तर आतल्या कडेला रंगाची रेघ वेगळी लागत होती, बोटाला खरखरीत. ट्रान्सपोर्टमध्ये कुठेतरी ठोकली होती आणि यार्डमध्येच रंगवून उभी केली होती. मावसभावाने तिथेच गाडीसमोर उभं राहून फोटो काढले, चेसिस नंबर फ्रेममध्ये येईल असे, आणि मॅनेजरला ईमेल टाकला की ही गाडी मला मंजूर नाही, दुसरी अलॉट करा. पासिंग झालं नव्हतं म्हणून फार वाद न होता दुसरी मिळाली. तीच गाडी त्याच्या नावावर झालेली असती तर ‘सर टचअप करून देतो’ यावर विषय संपवला असता.

तर काय काय बघायचं: बोनेट, डिकी आणि दारांचे बोल्ट, दोन बाजूंच्या पॅनलच्या फटी सारख्या आहेत का, काचांवरचे मार्किंग एकाच घाटणीचे आहेत का. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे 3524 असेल तर 2024 चा 35 वा आठवडा. गाडी नवीन आणि टायर वर्षभर जुने, तर विचारा का. ओडोमीटर बघा, यार्डमध्ये हलवाहलवीत थोडे किलोमीटर होतात, पण शंभराच्या घरात गेली असेल तर ती टेस्ट ड्राइव्हला वापरली असण्याचा दाट संशय घ्या. पेडलची रबरं झिजलीत का बघा, खालून गंज आहे का मोबाइल खाली धरून व्हिडिओ काढा. चेसिसवर कोरलेला नंबर आणि तुम्हाला दिलेला नंबर एक-एक अक्षर जुळवा.

आणि उत्पादनाचा महिना-वर्ष. जानेवारी-फेब्रुवारीत मागच्या वर्षी बनलेली गाडी नवीन किमतीत खपवतात, आणि पाच वर्षांनी विकायला गेलात की अख्खं एक वर्ष जास्त धरतात. चेसिस नंबरात वर्ष-महिन्याचा कोड असतो पण कंपनीप्रमाणे त्याची जागा बदलते, म्हणून तर्क करत बसू नका, सरळ फॉर्म 21 म्हणजे सेल सर्टिफिकेट बघा, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावाच लागतो. फॉर्म 22 हे कंपनीचं सर्टिफिकेट असतं, तेही मागा. जुन्या वर्षाची गाडी घेऊच नये असं नाही, चांगला डिस्काउंट असेल तर जरूर घ्या, पण ते तुम्हाला सांगून, लेखी, तुम्ही हो म्हटल्यावर.

गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरण या सगळ्याचं उत्तम उदाहरण आहे. त्याची तक्रार अशी की पैसे 2011 च्या नव्या गाडीचे भरले आणि हातात आली 2009 ची, 622 किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. जिल्हा पातळीपासून निकाल त्याच्या बाजूने लागत गेले, गाडी बदलून द्या किंवा व्याजासकट पैसे परत करा. पण 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्पादक कंपनीला त्यातून सोडलं. कारण काय, तर डीलर आणि कंपनी यांचं नातं मालक-नोकराचं नसतं, डीलर कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि स्वतः विकतो, आणि डीलरने केलेल्या लबाडीची कंपनीला माहिती होती असा पुरावा नव्हता. यातून शिकायचं ते हे की कंपनीचा मोठा लोगो बघून निर्धास्त राहायचं नाही, तुमचा करार डीलरशी आहे, आणि कंपनीलाही जबाबदार धरायचं असेल तर तिला वेळोवेळी ईमेल करून माहिती दिलेली असली पाहिजे, म्हणजे नंतर ‘आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं’ म्हणता येत नाही. त्यामुळे अगदी पहिल्या तक्रारीपासून डीलरच्या ईमेलमध्ये कंपनीचा कस्टमर केअर सीसीमध्ये ठेवा.

लोन असेल तर

बँक डीलरला थेट पैसे सोडते आणि ईएमआय तुमचा सुरू होतो, गाडी आली असो वा नसो. बँकेतल्या माणसाला स्पष्ट सांगा, आणि ईमेलही करा, की मी गाडी बघून होकार कळवेपर्यंत डीलरला पेमेंट सोडू नका. नुसता डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर देऊन ठेवणं वेगळं आणि पैसे सोडणं वेगळं. सोडून झालेच असतील आणि गाडी रखडली असेल तर त्या काळात भरलेल्या व्याजाचं स्टेटमेंट काढून ठेवा, नुकसान भरपाईत ते आकड्यासकट मागता येतं. ऑर्डर कॅन्सल झाली तर डीलरने लोनची रक्कम बँकेला परत करायची आणि तुमचं मार्जिन, म्हणजे तुम्ही स्वतः भरलेले पैसे, तुम्हाला, आणि लोन बंद झाल्याचं पत्र बँकेकडून घ्यायचं. हे पत्र राहिलं की पुढच्या लोनला सिबिलमध्ये जुनं लोन उघडं दिसतं.

डिलिव्हरी लांबत चालली, रंग बदलला, कॅन्सल करायचंय

फॉर्मवर तारीख असेल आणि ती उलटली तर काम सोपं. तारीखच नसेल तर कायदा ‘वाजवी मुदत’ धरतो, आणि ती मुदत तुम्ही एका पत्राने ठरवून टाकायची. फोनवर भांडून काही होत नाही, आवाज बसतो फक्त. असा ईमेल टाका:

‘मी अमुक तारखेला अमुक मॉडेल, व्हेरियंट आणि रंगाची गाडी बुक केली, बुकिंग क्रमांक अमुक, रक्कम अमुक भरली. आपण अमुक तारखेला गाडी देण्याचे कबूल केले होते. आजपर्यंत चेसिस नंबर मिळालेला नाही. हा ईमेल मिळाल्यापासून 15 दिवसांत ऑर्डरप्रमाणे गाडी अलॉट करून चेसिस नंबर कळवावा. न झाल्यास माझे बुकिंग रद्द समजून भरलेली पूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता माझ्या खात्यात जमा करावी. रंग अथवा व्हेरियंट बदलण्यास माझी संमती नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. कारण तुम्ही गप्प राहिलात तर ते म्हणतात ग्राहकाने तोंडी हो म्हटलं होतं.

आता कपात. चूक त्यांची असेल, म्हणजे तारीख चुकली, रंग बदलला, किंमत वाढवली, तर कॅन्सलेशन चार्ज कापायचा प्रश्नच येत नाही, पूर्ण रक्कम परत. तुमचं मन बदललं म्हणून कॅन्सल करत असाल तर प्रामाणिकपणे सांगतो, बुकिंग फुकटात रद्द करायचा असा कोणताही सरसकट हक्क नाही, फॉर्मवरची वाजवी कपात सोसावी लागू शकते. पण ‘वाजवी’ हा शब्द धरून ठेवा. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे दंड म्हणून वाट्टेल ती रक्कम जप्त करता येत नाही, आणि 2019 च्या ग्राहक कायद्यात तर ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र व्याख्याच आहे, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार त्यात बसतो. गाडी अलॉटही झाली नाही, दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याला विकली, मग डीलरचं नुकसान नेमकं किती झालं हे त्याला विचारा, लेखी.

डीलर शोरूमच बंद करून गेला, फोन लागत नाही, असं झालं तर वेळ दवडू नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेल, आणि पोलिसात फसवणूक आणि विश्वासघाताची तक्रार, भारतीय न्याय संहितेत ती कलमं 318 आणि 316 आहेत. बाकीचे अडकलेले ग्राहक शोधा, एकत्र गेलात तर पोलीस जास्त गांभीर्याने घेतात.

पासिंग आणि डिलिव्हरीच्या दिवशी

बिनानंबरची गाडी ‘मुहूर्त आहे, घेऊन जा, नंबर येईल’ म्हणून देतात. टेम्पररी किंवा पर्मनंट नंबर असल्याशिवाय डीलरने गाडी द्यायचीच नाही असा नियम आहे, आणि ही कागदी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. टेम्पररी नंबरची मुदत संपलेली गाडी चोरीला गेली आणि इन्शुरन्स कंपनीने क्लेम नाकारला, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. म्हणजे गाडी पण गेली आणि पैसे पण. मुहूर्तावर घरी पूजाच करायची असेल तर पासिंग त्याच्या आठवडाभर आधी उरकायला लावा.

डिलिव्हरी नोटवर ‘गाडी पूर्ण समाधानकारक स्थितीत मिळाली’ असं छापलेलं असतं आणि पेढा हातात देऊन सही मागतात. आधी गाडी बघा, मग सही. काही खटकलं आणि तरी गाडी न्यावीच लागणार असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा, ‘अमुक दोषाबद्दल तक्रार राखून स्वीकारली’, आणि त्या पानाचा फोटो काढा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवसांत काही बिघाड निघाला तर वर्कशॉपमध्ये तोंडी सांगून परत येऊ नका, प्रत्येक वेळी जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉपचा तक्रार आणि कामाचा कागद, उघडायला लावा आणि तुमची तक्रार तुमच्या शब्दांत त्यावर यायला हवी. ‘जनरल चेकअप’ असं लिहितात, ते खोडायला लावा. एकच बिघाड परत परत आला हे दाखवायला या जॉब कार्डांशिवाय दुसरं काही नसतं.

तक्रार कुठे आणि कशी

आधी डीलरचा जनरल मॅनेजर आणि कंपनी, दोघांना एकच ईमेल. उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात, पण मोठ्या कंपन्यांची त्यासाठी वेगळी माणसं असतात आणि रिफंडची प्रकरणं इथेच सुटताना मी पाहिली आहेत. तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा. मुंबईत असाल तर मुंबई ग्राहक पंचायत ही 1975 पासूनची संस्था आहे, त्यांच्याकडे तक्रारींचं मार्गदर्शन मिळतं.

तरीही नाही तर नोटीस. वकीलच हवा असं नाही, स्वतःच्या सहीने स्पीड पोस्टने पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या, पोचपावती ठेवा.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नवीन कायद्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी पुण्यातून घेतली आणि राहता साताऱ्यात, तर साताऱ्यात करा. भरलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. मुंबईत राज्य आयोग आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत. फी किती, तर 5 लाखांपर्यंत शून्य, 10 लाखांपर्यंत 200, 20 लाखांपर्यंत 400, 50 लाखांपर्यंत 1000 रुपये. हे आकडे तुम्ही मागताय त्या भरपाईवर नाही तर भरलेल्या किमतीवर धरतात. नुसत्या टोकनचा वाद असेल तर फी लागतच नाही. ऑनलाइन करायची तर पूर्वी ई-दाखिल होतं, आता ई-जागृती पोर्टल आहे. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं आणि व्हिडिओवर सुनावणी मागता येते. मुदत मात्र पाळा, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. ‘करून देतो, करून देतो’ म्हणत डीलर हीच 2 वर्षं खातो.

गाडी तुमच्या स्वतःच्या व्यवसायाच्या कंपनीच्या नावावर घेतली म्हणून तुम्ही ग्राहक नाही असा आक्षेप घेतील. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी व्यापारी हेतूची धरली नाही. आणि पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला टॅक्सी घेणारा माणूस कायद्याच्या व्याख्येतच ग्राहक आहे.

तक्रार लिहिताना तारखेप्रमाणे लिहा, राग शेवटी, किंबहुना नकोच. आयोगासमोर ढीगभर प्रकरणं असतात, त्यांना कधी किती भरलं, काय कबूल केलं, काय मिळालं, कधी कळवलं, एवढं दोन पानात दिसलं पाहिजे. सोबत बुकिंग फॉर्म, पावत्या, बँक स्टेटमेंट, ईमेल, फोटो, फॉर्म 21. व्हॉट्सॲप चॅट लावणार असाल तर नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडा आणि तो मोबाइल विकू किंवा फॉरमॅट करू नका. मागणी स्पष्ट ठेवा: गाडी बदलून द्या, नाहीतर पूर्ण रक्कम व्याजासह परत, मनस्तापाची भरपाई, खर्च. 8 लाखांच्या गाडीवर 50 लाखांचा मनस्ताप मागितला की बाकीची खरी मागणीही हलकी वाटायला लागते. उत्पादनातला दोष म्हणत असाल तर तज्ज्ञाच्या तपासणीचा अर्ज सुरुवातीलाच द्या, आयोगाला तो अधिकार आहे.

समोरच्याला उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. कायदा म्हणतो निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5, प्रत्यक्षात जास्तच लागतात, मनाची तयारी ठेवा. हरलेल्या डीलरला अपील करायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि आदेश पाळलाच नाही तर एक महिन्यापासून 3 वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे, म्हणून नोटीस पोचल्यावर पुष्कळ डीलर तडजोडीला येतात.

तडजोड वाईट नाही, पण लेखी करा. रक्कम, तारीख, खातं, आणि आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र झालेलं असेल तर ते कोण आणि कधीपर्यंत रद्द करणार किंवा नावावरून काढणार, हे सगळं त्यात हवं. आणि ‘आधी तक्रार मागे घ्या, उद्या पैसे टाकतो’ म्हणाले तर पुढची तारीख घ्या, पैसे खात्यात जमा झालेले दिसले की मगच आयोगासमोर सही करा.